घरोघरी पूजलेलं पेरणीयंत्र

आजही कुणाच्या अंगणात हार घातलेलं नवंकोरं यंत्र उभं दिसलं, की मला ती घटना आठवते आणि हसू आवरत नाही. पोलिसाच्या आठवणी म्हटल्या की वाचकांना खून, दरोडे, पाठलाग हवे असतात. तेही मी पुष्कळ पाहिले. पण निवृत्तीनंतर चार माणसं जमली की मी सांगतो ती हीच गोष्ट, आणि आमची सौ. दर वेळी "झालं, निघालं यांचं पेरणीयंत्र" असं म्हणून चहा टाकायला आत जाते. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून हिंडती-फिरती आहेत, आणि एक-दोघं तर मला दिवाळीला फोनही करतात.

मी मूळचा धारचा. घराणं मराठी, पूर्वज संस्थानच्या चाकरीत. त्यामुळे घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि राग आला की मालवी, अशी माझी वाटणी झालेली. त्या वेळी मी जिल्ह्याच्या दक्षिणेला, कुक्षी-डहीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे प्रभारीला टीआय म्हणतात. दिवाळी होऊन गेली होती, लोक गहू-हरभऱ्याच्या पेरणीच्या घाईत होते आणि ठाण्यात शांतता होती. माझं जुनं निरीक्षण आहे, पेरणीच्या दिवसांत माणसं भांडत नाहीत. भांडणं ती पीक हाती आल्यावरसाठी राखून ठेवतात.

अशा एका सकाळी एक म्हातारी ठाण्यात आली आणि सरळ मुंशीजींच्या टेबलापुढे उभी राहिली. मुंशीजी म्हणजे ठाण्याचं सगळं लिखाण सांभाळणारे हवालदार. पोट सुटलेलं, अक्षर मोत्यासारखं, आणि दुपारी बाराच्या आत कुणी तक्रार आणली तर चेहरा पाडणारे. म्हातारी निमाडी बोलत होती. तिचं बोलणं इथं बहुतेक मराठीतच सांगतो.

"लिखो, म्हारी मशीन चोरी हुई गई," ती म्हणाली.

"कसली मशीन, मायजी?"

"पेरणीची. कुंकू लावलं, आरती केली, दोन दिवस अंगणात ठेवली. तिसऱ्या दिवशी दुकानवाल्याचा माणूस आला, म्हणाला सर्व्हिसिंगला नेतो. दिवाळी आली नि गेली, मशीन काही आली नाही."

मुंशीजींनी तिच्या पिशवीतले कागद चाळले आणि डोकं खाजवलं. "मायजी, चोरी कशी लिहू? कागदात तर मशीन तुझ्याच अंगणात उभी आहे."

मी आतून ऐकत होतो. बाहेर येऊन बसलो आणि तिला पहिल्यापासून सांगायला लावलं.

सरकारी योजनेत शेतीची यंत्रं अनुदानावर मिळतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. शेतकऱ्याने आपला वाटा दुकानदाराला द्यायचा, दुकानदाराने यंत्र घरपोच करायचं, खात्याचा माणूस अंगणात येऊन यंत्र पाहणार, मालकासह फोटो काढणार, आणि मग सरकारचा वाटा दुकानदाराला मिळणार. म्हातारीने ट्रॅक्टरमागे जोडायचं पेरणीयंत्र, म्हणजे सीडड्रिल, घेतलं होतं. नवरा वारलेला, मुलगा पीथमपूरला कारखान्यात. तिने दिराशी बोली केली होती: ट्रॅक्टर तुझा, मशीन माझी, दोघांची शेतं त्यावर पेरायची. मशीन येणार म्हणून तिने बैलजोडी विकली होती. आता बैलही नव्हते आणि मशीनही नव्हती. दीर म्हणत होता, मशीन नाही तर ट्रॅक्टर पण नाही, वहिनी. आणि हरभऱ्याची वेळ हातातून निघून चालली होती.

"जमीन तयार आहे," ती म्हणाली. "रोज बांधावर जाऊन बसते. जमिनीकडे बघवत नाही, दरोगाजी."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, राग होता. मला ती त्याच क्षणी आवडली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला बोलावलं. गोरापान, गुळगुळीत माणूस. हातात शेवेचा डबा घेऊनच आला. डबा मी टेबलाच्या त्याच्याच बाजूला राहू दिला, तो अधूनमधून माझ्याकडे सरकवत होता.

"टीआय साहब, अपन तो किसानों की सेवा करते हैं, भिया," तो म्हणाला. मग त्याने फोनवर फोटो दाखवला. म्हातारीचं अंगण, म्हातारी पदर सावरून उभी, शेजारी लालचुटुक यंत्र. पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचाही दोष नव्हता, त्याने जे डोळ्यांसमोर होतं तेच टिपलं होतं. "सर्व्हिसिंग? ऐसा कुछ नहीं. मशीन दे दी, बात खतम. बुढ़िया ने बेच दी होगी, और क्या."

हे तो हसत हसत म्हणाला, पण त्यात विष होतं. अनुदानाचं यंत्र परस्पर विकलं तर वसुली मालकावर निघते आणि पुन्हा कुठल्याही योजनेत त्याचं नाव लागत नाही. म्हणजे ज्या बाईची वस्तू गेली, तीच गुन्हेगार ठरणार होती. उलटा चोर कोतवाल को डाँटे, अशी हिंदीत म्हण आहे. त्या दिवशी ती म्हणच माझ्या टेबलापलीकडे शेवेचा डबा घेऊन बसली होती. मी त्याला डब्यासकट बाहेर काढलं.

पण राग हा पुरावा नसतो. मशीन हवी होती. आणि मशीनची पहिली खबर दिली ती बायपासवरच्या पंक्चरवाल्याने. तो आमचा जुना खबरी. माझ्या जीपच्या चाकात हवा भरता भरता तो सहज बोलल्यासारखा बोलायचा, हीच त्याची पद्धत.

"साब, एक मशीन आहे बघा. लाल रंगाची. पिकअपमध्ये ताडपत्री टाकून नेतात, पुन्हा आणतात, पुन्हा नेतात. बिचारीचं लग्नच जमत नाहीये वाटतं. दर आठवड्याला नव्या घरी दाखवायला नेतात."

"कुठं नेतात?"

"काल कन्नौदचं बोलत होता ड्रायव्हर. डिझेलची चौकशी करत होता."

कन्नौद म्हणजे देवास जिल्हा, आमच्यापासून चांगलाच लांब. दुकानदार हुशार होता. एका पट्ट्यातलं यंत्र दुसऱ्या पट्ट्यात नेलं की ओळखणार कोण? तिथल्या ठाण्याला कळवलं आणि दोन शिपाई घेऊन निघालो. पोचलो तेव्हा एका शेतकऱ्याच्या अंगणातून तीच पिकअप निघण्याच्या बेतात होती. यंत्र वर चढवलेलं, त्यावर ताज्या कुंकवाचं स्वस्तिक, आणि ड्रायव्हर ओसरीवर पोहे खात होता. मालक म्हणाला, सर्व्हिसिंगला चाललंय.

आम्ही जप्तीचं नाव काढताच घरची बाई दारात आडवी आली. मला वाटलं, आता विरोध होणार. ती म्हणाली, "पेला चा पी लो, पछे जो करनो वे करजो." म्हणजे आधी चहा घ्या, मग काय करायचं ते करा. माळव्यात पोलीस जप्तीला आला तरी आधी पाहुणा असतो. पंचनामा आम्ही तिच्या चहाचा कप बाजूला ठेवून लिहिला.

तरी माझा चेहरा उतरला होता. यंत्रावरची नंबरची पट्टी कन्नौदच्या मालकाच्या कागदांशी तंतोतंत जुळत होती. रंग चकचकीत. म्हातारीच्या यंत्राचा नंबर वेगळा. दुकानदाराचा वकील एका वाक्यात प्रकरण उडवणार होता: साहेब, ही दुसरीच मशीन आहे.

ड्रायव्हर आणि यंत्र दोन्ही ठाण्यात आणलं. ड्रायव्हर चाळिशीचा, किडकिडीत, कपाळावर टिळा. उत्तरं ठरलेली. "मालूम नी, साब. सेठ बोलते हैं उठाओ, मैं उठाता हूँ. सेठ बोलते हैं उतारो, उतारता हूँ." मारझोड मला कधी रुचली नाही, आणि तिचा उपयोगही नसतो. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो, झालं ते सांगत नाही. मी नुसता विचारत राहिलो आणि तो नुसता "मालूम नी" म्हणत राहिला. दुपार त्यातच गेली. खटल्याची, वरिष्ठांची, तुरुंगाची, कशाचीच त्याला भीती वाटत नव्हती. सेठ सोडवेल याची त्याला खात्री होती.

संध्याकाळी त्याला हवालातीत, म्हणजे कोठडीत, ठेवायची वेळ आली. आत टाकण्यापूर्वी अंगझडती घ्यायची असते. पट्टा, चप्पल, अंगठी, गळ्यातले-हातातले दोरे, सगळं काढून ठेवायचं, हा ठाण्याचा रोजचा रिवाज. ड्रायव्हरच्या उजव्या मनगटावर पूजेच्या नाड्यांचा थरच्या थर होता. कुठल्या काळातले कोण जाणे, खालचे तर मातीच्या रंगाचे झालेले. शिपायाने कात्री आणली.

आणि दिवसभर दगडासारखा बसलेला तो माणूस दोन्ही हात पोटाशी धरून कोपऱ्यात सरकला. "कैंची मत लगाओ, साब! पाँव पड़ता हूँ. पूजेचा नाडा लोखंडाने तोडत नाहीत. तो आपोआप गळतो. तोडला तर ज्याने बांधला त्याच्या घरावर संकट येतं. माझ्या आईने सांगितलंय."

शिपाई हसला. मी नाही हसलो. आमच्या घरीही अनंताचा दोरा असाच जपून ठेवत, माझी आई त्याला कात्रीच काय, नखसुद्धा लागू देत नसे. मी शिपायाला कात्री ठेवायला सांगितलं, दोन चहा मागवले आणि ड्रायव्हरला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"तुझ्या हातातला दोरा तुला तोडवत नाही," मी म्हणालो. "आणि मशीन ज्या ज्या घरी गेली, तिथल्या बायकांनी तिला नाडा बांधलाच असेल. त्यांचं काय केलंस?"

त्याने उजवं मनगट डाव्या हाताने झाकलं.

"कुंकू धुतलंस. फुलं काढलीस. नंबरची पट्टी बदललीस. नाडे तोडलेस?"

"सेठ को बोला था, तोड़ दिए," तो अगदी हळू म्हणाला. मग डोळे पुसले. "कुंकू पाण्याने जातं साब, त्यात पाप नाही. पण नाडा मी नाही तोडला. सगळे सरकवून पेटीखाली नेले. तिकडे कोण वाकून बघतंय?"

इथे तरुण अधिकाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. मी तेव्हा लगेच धावत अंगणात गेलो नाही, जीव खूप उतावीळ झाला होता तरी. आधी पंच बोलावले, त्याचं निवेदन त्यांच्यासमोर लिहून सही घेतली, आणि मगच यंत्रापाशी गेलो. बियाण्याची पेटी असते तिच्याखाली एक आडवी लोखंडी पट्टी असते. तिथे बघायला आडवं व्हावं लागतं, आणि त्या कामासाठी मुंशीजी स्वतः पुढे झाले. पोटामुळे त्यांना आत शिरायला वेळ लागला, पण आवाज लगेच आला: "साहब! अरे साहब! यहाँ तो पूरा मेला लगा है!"

त्या पट्टीवर नाड्यांची रांग होती. लाल, पिवळे, काही तेलाने काळे पडलेले. प्रत्येकाला काहीतरी बांधलेलं. कुठे चिंधीत सुपारी, कुठे छोटा घुंगरू, कुठे लुगड्याच्या काठाची चिंधी, कुठे काळा मणी, एका दोऱ्यात ओवलेली कवडी. ज्या माणसाने सरकारचा नंबर बेधडक बदलला होता, त्याने कुणा अनोळखी बाईच्या सुपारीला हात लावला नव्हता.

आता या नाड्यांची कायद्याने ओळख पटवायची होती. ती नायब तहसीलदारांसमोर होते, आणि नियम असा, की खऱ्या वस्तूंमध्ये तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तू मिसळाव्या लागतात. म्हणजे आम्हाला खोटे नाडे तयार करणं भाग होतं. मुंशीजी आणि दोन शिपाई एक अख्खी दुपार बाजारातून आणलेल्या दोऱ्यांना सुपाऱ्या आणि घुंगरू बांधत बसले. वर तेल चोळून, माती लावून ते जुने केले. त्या दिवशी ठाण्यात एकाही फाइलला हात लागला नाही.

ड्रायव्हरने सांगितलेल्या गावांमधून बायका आल्या. काही डहीकडच्या, काही आमच्याच हद्दीतल्या, आणि ती कन्नौदची चहावाली बाई नवऱ्यासह इतक्या लांबून. सगळ्यांची गोष्ट एकच: सर्व्हिसिंगला गेलंय, येईल. कुणी तक्रार का केली नाही, असं विचारलं तर एक जण मला म्हणाली, "सरकारी चीज है, देर तो लगेगी."

एकेकीला आत सोडलं. टेबलावर सगळे दोरे पसरलेले. बायका एका नजरेत आपला दोरा उचलत होत्या. मुंशीजींच्या कलाकुसरीला मात्र मुळीच भाव मिळाला नाही. एकीने त्यांचा दोरा चिमटीत धरून बाजूला टाकला आणि विचारलं, "ये किस आदमी ने बाँधा? गाँठ तो देखो." मुंशीजी दाराआड उभे होते, त्यांनी कानाला हात लावला.

आमची म्हातारी आली आणि तिने कवडीचा दोरा उचलला. नायब तहसीलदारांनी विचारलं, हाच कशावरून? ती म्हणाली, "ही कवडी माझ्या धौळ्याच्या गळ्यातली. बैल विकले तेव्हा गळ्यातली माळ काढून घेतली होती. म्हटलं, त्याच्या जागी ही मशीन आली, तर त्याची कवडी हिला." मग तिने पदराच्या गाठीतून उरलेली माळ काढून टेबलावर ठेवली. सगळ्या कवड्यांना पाठीकडून एकाच पद्धतीने भोक पाडलेलं होतं, आणि दोऱ्यातलीही तशीच. ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा, आणि ते बैलासाठी.

दुकानदाराला पुन्हा बोलावलं. या वेळी शेव नव्हती. बाहेर ओट्यावर ओळीने बसलेल्या बायकांसमोरून त्याला यावं लागलं, आणि त्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. त्याने आधी वकील मागितला, मग पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर सगळं कबूल केलं. एकच यंत्र, दर घरी रंगाचा नवा हात, नवी पट्टी. अटक, आरोपपत्र, सगळं रीतसर झालं.

पण म्हातारीचं शेत तसंच पडलं होतं. यंत्र आता मुद्देमाल होतं आणि ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभं होतं. ती रोज सकाळी यायची आणि त्याच्या शेजारी बसायची. मला बघितलं की एकच प्रश्न: "पेरणी कोर्ट करणार का, दरोगाजी?" दोन-तीन दिवसांनी मी तिला टाळायला मागच्या दाराने जाऊ लागलो, आणि तिथेही एकदा ती भेटली.

शेवटी तिच्याकडून सुपुर्दगीचा अर्ज करवला, म्हणजे खटला चालेपर्यंत वस्तू तिच्या ताब्यात मिळावी असा. अडचण अशी, की यंत्र एक आणि त्यावर हक्क सांगणारी घरं अनेक. प्रत्येकाने आपला वाटा भरलेला. न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी बाकी सगळ्या घरांना विचारलं, कुणाची हरकत? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने जरी हात वर केला असता तरी हंगाम गेला असता. मग ती कन्नौदची बाईच म्हणाली, "हमारा तो दूर है, साब. दुकानवाला हमारा पैसा लौटाए. मशीन मायजी को दो, उसने रपट लिखाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. न्यायाधीशांनी अटी घातल्या: विकायचं नाही, रूप बदलायचं नाही, तारखेला कोर्टात हजर करायचं. म्हातारीने अंगठा उठवला आणि आम्हाला नमस्कारही न करता यंत्रामागे धावली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणूस कशाकशाला भीत नाही, हे तपासात पहिल्या तासाला कळतं. तो कशाला भितो, हे कळायला त्याच्यासमोर बसून चहा प्यावा लागतो. इतकंच. पुढे अनेक गुन्ह्यांत मला ते उपयोगी पडलं, आणि ड्रायव्हरला माफीचा साक्षीदार करावं म्हणून मी सरकारी वकिलांकडे अडून बसलो, त्याचा मला आजही आनंद आहे.

हजर करण्याची तारीख आली. पुकारा झाला, म्हातारी नाही. दुसरा पुकारा झाला, तरी नाही. मुद्देमाल हजर झाला नाही तर जामीनपत्र जप्त होतं, आणि शिफारस माझी होती. दुकानदाराचा वकील उठून उभा राहिला, एवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला.

यंत्र चिखलाने माखलेलं होतं. पेटीत अर्धं हरभऱ्याचं बियाणं. ट्रॅक्टरवर दीर, आणि मडगार्डवर पदर खोचून बसलेली म्हातारी. ती धापा टाकत आत आली. पेशकाराने, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाने, विचारलं, मशीन सध्या कुणाच्या ताब्यात आहे, ते लिहायचं आहे.

ती गोंधळली. "पहले म्हारो खेत हुयो. फिर इसका," तिने मागच्या बाकावरच्या एकीकडे बोट केलं. "फिर उसका. अभी डहीवाली के खेत से उठाकर लाई हूँ, आधा बाकी है."

"पण ताबा कुणाचा?"

"जिसका खेत बाकी, उसका," ती म्हणाली, आणि न्यायाधीशांकडे वळली. "साब, जल्दी देख लो. धूप उतर जाएगी."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि आवारातल्या त्या मळक्या यंत्राकडे जरा वेळ बघत राहिल्या. दुकानदाराचा वकील बोलायला लागला होता, त्यांनी हाताने त्याला थांबवलं. परत येऊन त्यांनी पुढची तारीख दिली, ती पेरणी पुरती आटोपल्यानंतरची होती. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी पुढचा पुकारा होऊ दिला नाही.